असाकुसाचं सेन्सोजी: पहाटे जा, आणि पुढे मुळ्याच्या गणपतीलाही जाऊन या

टोक्योत पहिल्या दिवशी आम्ही असाकुसा भागातल्या सेन्सोजी या बौद्ध मंदिरात सकाळी ११ वाजता पोचलो आणि तिथेच चुकलो. मी आणि आई, नोव्हेंबरचा शेवट, हवा मस्त, पण कामिनारीमोनपाशी, म्हणजे तो मोठ्या लाल कंदिलाचा दरवाजा, तिथे पाय ठेवायला जागा नाही. पुढची नाकामिसे ही दुकानांची गल्ली साधारण २५० मीटरच आहे पण ती पार करायला आम्हाला अर्धा तास लागला, त्यात आईचा गुडघा दुखायला लागला, दर्शन झालं म्हणायचं इतकंच. रात्री आई म्हणाली, "उद्या पहाटे जाऊया गं परत, काकड आरतीला जातो तसं." गेलो, आणि सगळ्या ट्रिपमधली तीच सकाळ मनात राहिली म्हणून सविस्तर लिहितेय.

आवार कायम उघडं असतं, तिकीट नाही. मुख्य मंदिर ऑक्टोबर ते मार्च साडेसहाला उघडतं, एरवी ६ ला, आणि संध्याकाळी ५ ला बंद होतं. साडेसहाला नाकामिसेची शटर्स खाली असतात आणि त्यांच्यावर जुन्या असाकुसाची चित्रं रंगवलीयेत, ती दिवसा दिसतच नाहीत. कंदिलाखाली उभं राहून वर बघा, तळाला लाकडात कोरलेला ड्रॅगन आहे, आदल्या दिवशी गर्दीत आम्हाला पत्ताच नव्हता. कंदील ३.९ मीटर उंच, वजन सुमारे ७०० किलो. हा दरवाजा १८६५ च्या आगीत गेला तो थेट १९६० मध्ये परत उभा राहिला, पॅनासॉनिक कंपनीचे संस्थापक मात्सुशितांनी दिलेल्या देणगीतून.

देवळाची गोष्ट अशी सांगतात की ६२८ साली सुमिदा नदीत दोन कोळी भावांच्या जाळ्यात कान्नोनची छोटी मूर्ती आली. ती मूर्ती गुप्त आहे, दर्शनाला कधीच ठेवत नाहीत. आई गाभाऱ्याकडे बघत म्हणाली, "मग हात कुणाला जोडायचे?" मी म्हटलं अगं कान्नोन म्हणजे आपला अवलोकितेश्वर, अजिंठ्याच्या १ नंबरच्या लेण्यातला पद्मपाणी. आई शाळेत शिकवायची, मुलांच्या किती सहली अजिंठ्याला नेल्यात तिने, ती एकदम गप्प झाली आणि बराच वेळ डोळे मिटून उभी राहिली.

एक सांगते, मंदिर जुनं म्हणून जाल आणि काँक्रीट बघून हिरमुसाल, तर तसं करू नका. १० मार्च १९४५ च्या बॉम्बहल्ल्यात मुख्य मंदिर जळलं, आत्ताचं १९५८ चं आहे. पण पूर्वेकडचा नितेनमोन हा १६१८ चा लाकडी दरवाजा वाचलाय, तिकडे कोणी फिरकत नाही. आणि आवारात त्या आगीतून वाचलेलं गिंकोचं झाड आहे, ते नक्की शोधा. खोड आतून कोळशासारखं काळं, आणि वर सगळी पिवळीधम्मक पानं. मला रडू आलं खरंच.

समोरच्या मोठ्या धूपपात्राचा धूर दुखऱ्या जागेवर घेतात. आई लांबूनच हात पुढे करत होती, तर शेजारच्या एका जपानी आजींनी ओंजळीत धूर घेऊन वाकून तिच्या गुडघ्याकडे ढकलला, तीन वेळा. दोघींना एकमेकींची भाषा येत नव्हती तरी दोघी कितीतरी वेळ एकमेकींना वाकून नमस्कार करत राहिल्या.

इथे टाळ्या वाजवू नका, ती पद्धत शेजारच्या असाकुसा श्राइन या शिंतो देवस्थानातली, सेन्सोजीत नुसते हात जोडायचे. ओमिकुजी म्हणजे भविष्याची चिठ्ठी १०० येनला, डबा हलवून काडी काढायची आणि काडीवरच्या आकड्याचा ड्रॉवर उघडायचा. आकडे जपानी लिपीत असतात, घाई न करता चिन्हं जुळवा. इथे वाईट चिठ्ठ्या बऱ्याच निघतात, आईला तीच आली. घाबरायचं नाही, तिथल्याच दांडीला बांधून यायची.

खायचं म्हणाल तर दुकानं ९-१० नंतर. चालत चालत खाणं तिथे आवडत नाही, दुकानासमोर उभं राहून संपवा, कचरा पिशवीत ठेवा. शाकाहारी लोकांनी निंग्योयाकीत, म्हणजे साच्यातल्या छोट्या गोड केकमध्ये, अंडं असतं हे लक्षात ठेवा. कामिनारी-ओकोशी घरी न्यायला बेस्ट, आपल्या कुरमुऱ्याच्या लाडवाच्या जवळचं. हानेदा एअरपोर्टवरून असाकुसाला थेट ट्रेन आहेत, फक्त मेट्रोच्या गिंझा लाइन आणि असाकुसा लाइनची स्टेशनं वेगवेगळी आहेत आणि गिंझाचं १९२७ चं आहे, जिने भरपूर, गुडघेवाल्यांनी लिफ्ट कुठे ते आधी बघून ठेवा.

आता खरी गोष्ट. सेन्सोजीहून नदीच्या कडेने दहा-पंधरा मिनिटं चाललं की छोट्या टेकडीवर मात्सुचियामा शोदेन आहे, सेन्सोजीचंच उपमंदिर. तिथला देव कांगितेन, म्हणजे आपला गणपतीच, भारतातून चीनमार्गे जपानात पोचलेला. मूर्ती इथेही गुप्त. नैवेद्य काय तर मुळा! पांढराशुभ्र, हाताएवढा लांब, देवळातच विकत मिळतो, आणि दगडावर, कंदिलांवर जिकडे तिकडे दोन मुळे एकमेकांना बिलगलेले कोरलेत. वर जायला पायऱ्या आहेत पण बाजूला छोटी फुकट रेल्वे पण आहे, आई तिनेच गेली. आम्ही होतो तेव्हा आणखी चार माणसं असतील, बस. दुपारी चारच्या आत पोचा.

देवाला वाहिलेले मुळे नंतर प्रसाद म्हणून न्यायला ठेवलेले असतात. आईने एक घेतला, ट्रेनमध्ये मांडीवर धरून आणला आणि आमच्या खोलीतल्या एवढ्याशा किचनमध्ये घरून आणलेलं दाण्याचं कूट घालून त्याची कोशिंबीर केली.