पॅन्ट शिवणं का सोडलंत, मास्तर?

पॅन्टची उंची कमी करायला येणारा प्रत्येकजण विचारतो, ‘नुसतं अल्टर? शिवणं का सोडलंत?’ आजवर ‘डोळ्यांना झेपत नाही’ म्हणून वेळ मारून नेली. डोळे ठणठणीत आहेत.

रेडिमेडला मी दोष देत नाही. गिऱ्हाइकांना आज हवी, आज मिळते. माझ्याकडे माप, ट्रायल, हेलपाटे. तेही चाललं असतं.

बँकेतून रिटायर झालेले एक जुने साहेब लग्नासाठी सव्वा मीटरचा पीस घेऊन आले. कमरेला टेप लागली की माणूस श्वास रोखून पोट आत ओढतो. म्हणून आम्ही उगाच विचारतो, ‘गावी कधी जाणार?’ बोलायला त्याला श्वास सोडावाच लागतो, तेवढ्यात आकडा घ्यायचा. साहेबांचा आला 37.

‘34 लिहा. कालच मॉलमधून घेतलीय, 34 ची, मस्त बसते.’ ती पॅन्ट पिशवीतच होती, उंचीसाठी आणलेली. मी हुक लावून ती टेबलावर सपाट पसरली, पट्ट्याला टेप लावली. साडेअठरा. दुप्पट 37. गिऱ्हाईक खूश राहावं म्हणून कंपन्या लेबलावर आकडा कमी छापतात, हे कुठलाही टेलर सांगेल.

साहेब चार लोकांदेखत म्हणाले, ‘मास्तर, टेप ताणलीय तुमची. इतकी वर्षं असंच कापड मारत आलात का?’

टेप फायबरची आहे, ती ताणत नाही. हे सांगेपर्यंत ते पीस उचलून गेलेसुद्धा.

तरुणपणी मी निमूट 34 लिहिलं असतं, 37 ची कापली असती आणि मागच्या शिवणीत दीड इंच माया सोडली असती. तेव्हाचा मी शहाणा की आजचा? बायको म्हणते, ‘एकाच्या बोलण्यावर धंदा बंद करतात का? ताठा नुसता.’ असेल. पण जीन्सच्या खिशांना रिव्हेट, म्हणजे धातूच्या टिकल्या, मारायची युक्ती काढली ती अमेरिकेतल्या रेनोच्या जेकब डेव्हिस या शिंप्याने. 1873 च्या पेटंटवर त्याचंही नाव आहे, आणि तुम्हाला माहीत आहे ते कापडवाल्या लेव्ही स्ट्रॉसचं. मग ताठा येणार नाही तर काय?

पुन्हा शिवणार का? नाही. तरी पीस आणणारच असाल आणि कॉटनचा असेल, तर आधी पाण्यातून काढून आणा. मागाहून आटला तर मला बोलायचं नाही.