मागे बघा हो

‘तुमच्या त्या रशियन नाटकाला आपली माणसं काय म्हणाली गं?’ दोन वर्षं झाली, तरी लग्नाकार्यात कोणीतरी हे विचारतंच. दोस्तोयेव्हस्कीच्या ‘क्राइम अँड पनिशमेंट’वरून आमच्या हौशी ग्रुपनं बसवलेलं नाटक, गिरगावात साहित्य संघात सुरुवात केली आणि इकडेतिकडे मिळून सहा प्रयोग झाले. तुम्हीही विचारलंत म्हणून एकदाचं लिहूनच टाकते.

मी प्रॉपर्टी, म्हणजे स्टेजवर लागणाऱ्या वस्तू, सांभाळायचे. त्यामुळे मला प्रेक्षक दिसले नाहीत, ऐकू आले. विंगेत उभं राहिलं की खुर्चीची कुरकुर कंटाळ्याची की अस्वस्थपणाची, हेसुद्धा कळायला लागतं.

नावांची धास्ती आम्हालाच होती. लोकांनी मध्यंतरातच नायक रस्कोल्निकोवचं परस्पर ‘रस्क्या’ करून टाकलं. रशिया म्हणून बर्फाच्या तयारीनं आलेल्यांना पडदा उघडल्यावर घामाघूम नायक दिसला, कारण गोष्ट पीटर्सबर्गच्या ऐन जुलैतली आहे. त्याची खोली कादंबरीत जेमतेम सहा पावलं लांब. आम्ही स्टेजवर पांढऱ्या पट्टीनं तेवढीच आखली होती. तो ती पावलं मोजतो आणि ‘ही खोली की कपाट!’ म्हणून करवादतो. बाल्कनीतून आवाज आला, ‘आमच्यापेक्षा मोठी आहे की!’ सगळं थिएटर हसलं. आमचा नायक पुढचं वाक्य विसरला.

पण खरी गंमत गहाणाच्या प्रवेशात. रस्कोल्निकोव वडिलांचं घड्याळ घेऊन येतो, चार रूबल मागतो. म्हातारी सावकारीण दीड देते. वर रुबलामागे (म्हणजे शंभर कोपेकांमागे) महिन्याला दहा कोपेक व्याज, तेही आधीच कापून. या दीडाचे पंधरा, मागच्या दोन रुबलांचे वीस. हातावर टेकवते एक रूबल पंधरा कोपेक. आमचा दिग्दर्शक म्हणत होता, हा हिशेब छाटून टाका, नाटक थांबतं. माझं म्हणणं, ठेवा. ठेवला, आणि प्रेक्षक तिच्याबरोबर बेरीज करायला लागले. पस्तीस कापल्यावर एक बाई मोठ्यानं म्हणाल्या, ‘सटवी!’ दीडशे वर्षांपूर्वीच्या रशियन सावकारणीला गिरगावातून मिळालेली ती पावती.

आणि तिथेच पुढे तिला मारतात.

खुनाच्या वेळी तो गहाण म्हणून एक पुडी देतो. आत नुसता लाकडाचा तुकडा, जड लागावा म्हणून लोखंडाची पट्टी जोडलेला. दोरा मुद्दाम अवघड बांधलेला. म्हातारी तो सोडवायला उजेडाकडे वळते, पाठ त्याच्याकडे. ती पुडी मी बांधायचे. पहिल्या प्रयोगाला निरगाठ जरा जास्तच बसली, बिचारीला ती सुटेना. तो कोटाच्या आत शिवलेल्या फासातून कुऱ्हाड काढून उभा, आणि हिची नखं दोऱ्यात अडकलेली. खोकलेसुद्धा बंद झाले. मग आवाज आला, ‘अहो, मागे बघा हो!’ ‘सटवी’ म्हणणाऱ्याच बाई होत्या, आवाज मी ओळखला. पुढच्या पाचही प्रयोगांना मी गाठ तशीच घट्ट बांधली. नटी माझ्यावर अजून चिडून आहे.

शेवट मात्र लोकांनी आम्हाला सुखानं करू दिला नाही. तोवर एका निरपराध रंगाऱ्यानं खुनाची कबुली देऊन झालेली असते, हातात धरण्यासारखा पुरावा नसतो. रस्कोल्निकोव पोलीस ठाण्यात जातो आणि काहीच न बोलता बाहेर येतो. ‘हां, आता घरी जा,’ मागच्या रांगेतून कुणीतरी अगदी मायेनं म्हणालं. समोर सोन्या उभी, त्याला कबुली द्यायला सांगणारी मुलगी. तो तिच्याकडे बघतो, वळतो, परत आत जातो. टाळ्या पडल्या, पण उशिरा, आणि जरा नाराजीनंच.

बाहेर चहा पिताना एका गृहस्थांनी मला गाठलं. ‘सुटला होता की हो तो! परत कशाला गेला?’ मी सोन्या, सदसद्विवेक वगैरे सुरू केलं, त्यांना पटेना. मग म्हटलं, आपण होऊन कबूल झाला म्हणून शिक्षा तरी कमी झाली, सैबेरियात आठ वर्षं.

‘आठच?’ शेजारी उभ्या त्यांच्या बायकोनं कप खाली ठेवला. ‘दोन बायका मारल्या ना त्यानं? ती म्हातारीची बहीण तर काही न करता मेली.’

‘अगं, पण पुरावाच नव्हता—’

‘तुम्ही गप्प बसा.’

चर्नी रोडच्या दिशेनं दोघं वाद घालतच गेले.