साल म्हणजे कर्ज, साल म्हणजे वर्ष

खाण कंपन्यांचे ताळेबंद वाचायला लागून पाच महिने झाले. मागच्या नोंदीत मी ऐटीत लिहिलं होतं की कर्जाचा विषय आटोपला, आता जमिनीखालच्या साठ्याकडे वळतो. ते वाक्य मागे घेतो.

झालं असं की एका लोहखनिज कंपनीचे (नाव मुद्दाम घेत नाही, तिचे शेअर माझ्याकडे आहेत) लागोपाठचे दोन अहवाल घेऊन बसलो होतो. 'नॉन-करंट बॉरोइंग्ज' (वर्षभरानंतर फेडायचं कर्ज) या ओळीत पहिल्या वर्षी २,१०० कोटी, दुसऱ्या वर्षी १,४००. वहीत हिरव्या शाईने लिहून टाकलं, 'कर्ज झपाट्याने फेडतायत'. रविवारी बेळगावच्या टिळकवाडीत नेहमीच्या टपरीवर चहाला जमलो, तेव्हा आमच्यातले बँकेतून निवृत्त झालेले काका वही चाळत म्हणाले, "सातशे कोटी फेडले हे तुला कुणी सांगितलं? खाली करंटमध्ये बघितलंस का?"

बघितलं नव्हतं. घरी येऊन बघितलं. अल्पमुदतीच्या कर्जाखाली बारीक अक्षरात 'दीर्घ मुदतीच्या कर्जाचा चालू हप्ता' म्हणून ६५० कोटी बसलेले. म्हणजे कंपनीने खरे फेडले पन्नास कोटी. बाकीच्या रकमेची मुदत बारा महिन्यांच्या आत आली, म्हणून ती वरच्या खणातून खालच्या खणात उतरली. कर्ज कमी झालेलं नव्हतं, जवळ आलं होतं.

जुने अहवाल चाळणाऱ्यांसाठी एक सूचना. हा चालू हप्ता अल्पमुदतीच्या कर्जाखाली स्वतंत्र दाखवायची सक्ती कंपनी कायद्याच्या शेड्यूल तीनमध्ये २०२१ पासून आली. त्याआधीच्या अहवालांत तो 'इतर चालू वित्तीय देणी'मध्ये दडलेला असतो आणि टीप उघडल्याशिवाय सापडत नाही. माझा अख्खा एक शनिवार त्यात गेला.

काकांना हे सांगितलं तर ते हसले. "कन्नडात साल म्हणजे कर्ज, आपल्यात साल म्हणजे वर्ष. तू एकच साल लिहितोस." गंमत म्हणून बोलले असतील, पण त्या दिवशी मी शीटमध्ये नवे रकाने घातले. एकूण कर्जाच्या पुढे वर्षांची रांग, आणि त्या त्या वर्षाखाली तेव्हा फेडायची रक्कम.

ही माहिती कुठे मिळते? अहवालाच्या टीपांत तरलतेच्या जोखमीचा तक्ता असतो. एक वर्षाच्या आत किती, एक ते पाच वर्षांत किती, त्यापुढे किती. तो ढोबळ असतो. त्याहून बारीक हवं असेल तर क्रिसिल, इक्रा या कंपन्यांची पत ठरवणाऱ्या संस्थांच्या रेटिंगच्या टिपणांच्या शेवटी प्रत्येक डिबेंचरची (कर्जरोख्याची) परतफेडीची तारीख दिलेली असते. फुकट मिळतं आणि फारसं कुणी वाचत नाही.

तारखेचं महत्त्व मला खरं तर घरातच कळायला हवं होतं. निपाणीकडच्या मामांनी ट्रॅक्टर घेतला तेव्हा कर्ज तीन लाखांचं, ऊस त्याहून कितीतरी जास्तीचा. तरी एका वर्षी दागिने गहाण ठेवायची वेळ आली. मी विचारलं तर म्हणाले, "हप्ता मार्चात, आन् उसाचं बिल आलं जूनला. मधी काय करू सांग की?" खाणीचंही तेच आहे. फरक इतकाच, की खनिजाचं पीक पडत नाही, भाव पडतो. लोहखनिज २०११ च्या सुरुवातीला टनाला १९० डॉलरच्या आसपास होतं, डिसेंबर २०१५ मध्ये ४० च्या खाली आलं, आणि मे २०२१ मध्ये २३० च्या वर गेलं.

मग एक काल्पनिक कंपनी मांडून बघितली. विक्री ४,००० कोटी, खर्च २,८००, म्हणजे व्याज-कर-घसाऱ्याआधी १,२०० उरतात. कर्ज ३,००० कोटी, ९ टक्क्यांनी व्याज २७०. कर्ज नफ्याच्या अडीचपट, व्याज साडेचार वेळा भागतं, सगळं छान. आता भाव २० टक्क्यांनी पाडा. विक्री ३,२००, खर्च तितकाच धरला तर हातात ४००. (सरकारला द्यायची रॉयल्टी भावावर लागते, त्यामुळे खर्च थोडा घटेल. सोपं राहावं म्हणून सोडलंय.) कर्ज एकाही रुपयाने वाढलेलं नाही, पण पट अडीचवरून साडेसात! त्याच वर्षी ६०० चा हप्ता असेल तर व्याजासकट ८७० हवेत. निम्मेसुद्धा नाहीत. तोच हप्ता चार वर्षांनी असेल तर फक्त २७० द्यायचे आणि वर्ष ढकललं जातं. खाण तीच, कर्जही तेवढंच.

२०१५ मध्ये ग्लेनकोर या स्विस खाण कंपनीचं असंच काहीसं झालं. निव्वळ कर्ज ३० अब्ज डॉलरच्या घरात, तांबं आणि कोळसा घसरलेला, आणि २८ सप्टेंबरला एका दिवसात शेअर सुमारे २९ टक्के आपटला. त्याआधीच कंपनीने लाभांश थांबवून, नवे शेअर विकून कर्ज उतरवायचा आराखडा जाहीर केला होता. बाजाराला तेवढ्यानेही धीर आला नाही.

खाणीत आणखी एक साल लागतं, ते म्हणजे खाणपट्ट्याचं. खाण कायद्यातल्या २०१५ च्या दुरुस्तीनुसार जुने कॅप्टिव्ह पट्टे (स्वतःच्या कारखान्यासाठी खनिज काढायचे) किमान ३१ मार्च २०३० पर्यंत चालणार. त्यानंतर लिलाव. जुन्या धन्याला शेवटच्या बोलीइतकी रक्कम देऊन पट्टा राखायचा पहिला हक्क आहे, पण भाव लिलावाचा. आता कर्जाचे हप्ते २०३३ पर्यंत आणि खाण २०३० पर्यंत असेल, तर मधली तीन वर्षं कशातून फेडणार? हा प्रश्न मी पाच महिन्यांत एकदाही विचारला नव्हता. आता पट्ट्याचं वर्ष लाल रंगात आहे.

बल्लारीचं उदाहरण तर आपल्या कर्नाटकातलंच. जुलै २०११ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तिथलं खाणकाम थांबवलं. हप्त्यांना असली स्थगिती कोण देतं?

जाता जाता आपल्या इंडाल या अ‍ॅल्युमिनियम कारखान्याबद्दल. बेळगावात आजही बरेच जण तेच नाव घेतात, पण कारखाना आता हिंडाल्कोचा. हिंडाल्कोने २००७ मध्ये नोव्हेलिस ही परदेशी अ‍ॅल्युमिनियम कंपनी घेतली, साधारण ६ अब्ज डॉलरना, आणि त्यातले २.४ अब्ज हे नोव्हेलिसच्या अंगावरचं कर्जच होतं. असं उपकंपनीचं कर्ज स्टँडअलोन, म्हणजे फक्त मूळ कंपनीच्या, ताळेबंदात दिसतच नाही. मी पहिले दोन महिने स्टँडअलोनच वाचत होतो, हे इथे कबूल करून टाकतो. कन्सॉलिडेटेड (उपकंपन्यांसकट) उघडल्यावर वेगळीच कंपनी वाचतोय असं वाटलं.

खाण बंद करताना जमीन पूर्ववत करायच्या खर्चाची तरतूद कर्जात धरायची की नाही, यावर टपरीवर अजून एकमत नाही. मी धरतो. काका म्हणतात, त्यावर बँक दारात येत नाही.

सध्या चार कंपन्यांचे वर्षांचे रकाने भरून झालेत, दोन बाकी. हिरव्या शाईतली ती नोंद मी खोडलेली नाही. बाजूला पेन्सिलने एवढंच लिहिलंय: '६५०, येत्या मार्चपर्यंत'.