मिशिगनचा गंज आणि गॅरेजमधला कॉम्प्रेसर

डेट्रॉईट शहराच्या पोटात, जमिनीखाली साधारण साडेतीनशे मीटरवर, मिठाची खाण आहे. हिवाळा आला की मीठ ट्रक भरभरून रस्त्यांवर पडतं. बर्फ वितळतो, मीठ मात्र चाकांबरोबर उडून गाडीच्या पोटाला चिकटतं. मिशिगनमध्ये दहा-बारा हिवाळे काढलेली गाडी वरून कितीही चकचकीत असू दे, जॅकवर चढवून खाली टॉर्च मारला की पापुद्रे सुटलेले दिसतात. इथे जुन्या गाडीचं काम म्हणजे निम्मं काम गंजाचंच.

आमच्या घरी आलेली जुनी गाडी म्हणजे जीप, सत्तरच्या दशकातली सीजे-५. ती जिथे बनली ते ओहायोतलं टोलीडो इथून गाडीने तासाभरावर. याच घराण्यातली विलीज जीप महिंद्रांनी चाळीसच्या दशकाच्या अखेरीस मुंबईत जोडायला सुरुवात केली, त्यामुळे कोल्हापुरात वाढलेल्या माणसाला हा चेहरा परका नाही. साखर कारखान्याची जीप म्हटलं की आमच्या पिढीला हीच आठवते.

हिचा गंज काढायला मी गॅरेजमध्ये सँडब्लास्टिंगची पेटी आणि तिला हवा पुरवणारा कॉम्प्रेसर बसवला. आता तुम्ही म्हणाल, गंज काढायला घरात यंत्रं कशाला? आमच्या कोल्हापुरात शिरोली एमआयडीसीत ओळखीच्या फाउंड्रीत पार्ट नेऊन टाकायचे, "शॉट ब्लास्टिंगच्या पुढच्या लॉटमध्ये घाला हो" म्हणायचं (शॉट ब्लास्टिंग म्हणजे पोलादी छर्रे मारून पार्ट साफ करणं) आणि संध्याकाळी घेऊन यायचे. चहाही तेच पाजणार. इथे ब्लास्टिंगवाला तासाच्या हिशेबाने पैसे लावतो, वर किमान बिल ठरलेलं. चार ब्रॅकेट आणि एक स्प्रिंगची पट्टी घेऊन गेलात तरी तेवढेच पैसे. म्हणून इथली माणसं गॅरेजमध्ये वर्कशॉप थाटतात. गॅरेज बांधलेलं असतं दोन गाड्यांचं, आणि दोन्ही गाड्या बाहेर बर्फात उभ्या असतात.

सँडब्लास्टिंग म्हणजे दाबाखालच्या हवेच्या झोतात खरखरीत कण सोडून पृष्ठभाग खरवडणं. फिलाडेल्फियाच्या बेंजामिन टिलमन यांनी १८७० मध्ये याचं पेटंट घेतलं, आणि मूळ कल्पना अजून तीच आहे. ब्लास्टिंगची पेटी, गन, हातमोजे हे सगळं स्वस्तात मिळतं. अडतं ते हवेपाशी. घरगुती वापरातली फार थोडी अवजारं इतकी हवा खातात. नट सोडवायची इम्पॅक्ट गन दोन-चार सेकंद चालते आणि थांबते. ब्लास्टिंगची गन पेडलवर पाय असेपर्यंत पीतच राहते.

दुकानात गेलं की कॉम्प्रेसरवर मोठ्या अक्षरात एचपी लिहिलेली दिसते. त्यातली 'पीक एचपी' सरळ सोडून द्या. इथल्या घरातलं साधं सॉकेट १२० व्होल्टचं, १५ अँपिअरचं. म्हणजे फार तर १८०० वॅट. ७४६ वॅटला एक एचपी धरली आणि मोटरमध्ये वाया जाणारं वजा केलं, तर त्या सॉकेटमधून दोन एचपीही निघत नाही. मग साध्या प्लगवर चालणाऱ्या यंत्राच्या अंगावर पाच-सहा एचपी कुठून आली? मोटर सुरू होतानाच्या क्षणभराच्या ओढीचा तो आकडा. त्याने पोट भरत नाही.

बघायचा आकडा एकच: ९० पीएसआय (हवेचा दाब मोजायचं माप) दाबाला किती सीएफएम, म्हणजे मिनिटाला किती घनफूट हवा. तोही ४० पीएसआयचा नको. डब्यावर दोन्ही छापलेले असतात आणि ४० चा आकडा अर्थातच मोठा दिसतो. खऱ्या एका एचपीला ९० पीएसआयवर तीन ते चार सीएफएम मिळतात, हे लक्षात ठेवलं की निम्म्या जाहिराती जागीच गळतात.

दुसरी भूल टाकीची. "साठ गॅलनची टाकी आहे, भरपूर झाली" असं इथले लोकही म्हणतात. पण ही टाकी म्हणजे गच्चीवरची पाण्याची टाकी. खाली बोअरला पाणी किती, यावर सगळं. हिशेब करून बघा. ६० गॅलन म्हणजे ८ घनफूट. टाकीतला दाब १२५ वरून ९० पीएसआयपर्यंत उतरला की त्यातून बाहेर येते साधारण १९ घनफूट हवा. गन मिनिटाला १० घनफूट खात असेल, तर पंप न चालवता दोन मिनिटंसुद्धा निघत नाहीत. पुढे सगळी मदार पंपावर.

मग गन किती खाते, हे ठरतं तिच्या नोझलच्या, म्हणजे तोंडाच्या, भोकावरून. आपल्याकडे वर्कशॉपमध्ये इंचाचा आठवा भाग म्हणजे एक सूत, तेच माप इथे फार उपयोगी पडतं. ८० पीएसआयला एक सुताच्या भोकातून १७ सीएफएम हवा जाते. दीड सुतातून ३८. दोन सुतातून, म्हणजे पाव इंचातून, ६८. भोक दुप्पट, हवा चौपट. म्हणून झिजलेलं सिरॅमिक नोझल हे सगळ्यात महागडं नोझल: एक सुताचं दीड सूत झालं की कॉम्प्रेसर दुपटीहून जास्त मोठा लागतो, आणि आपण उगाच पंपाला शिव्या घालत बसतो. पेटीतल्या सक्शन गनचं, म्हणजे हवेच्या झोताने कण ओढून घेणाऱ्या गनचं, थोडं वेगळं आहे. तिथे हवा मोजते ती आतली बारीक एअर जेट. पुढचं नोझल मोठं असलं तरी चालतं. पाऊण सुताची जेट लावली की काम दहा सीएफएमच्या आत बसतं. छोट्या पार्टना ती पुरते, फक्त धीर लागतो.

दहाच्या गनला दहाचा कॉम्प्रेसर घेतला तर तो क्षणभरही थांबणार नाही. घरगुती पिस्टन पंप बरेचसे अर्धा वेळ चालून अर्धा वेळ निवायचे, या हिशेबाने बनवलेले असतात. सतत पळवला की डोकं तापतं, वॉल्व्ह जातात, आणि गरम हवेबरोबर पाणी पुढे सरकतं. म्हणून गनच्या दीडपट धरायचं. दहाला पंधरा. पंधरा सीएफएम म्हणजे खरी पाच एचपी, कास्ट आयर्नचा पंप, पट्ट्यावर चालणारा. ऑइल-फ्री, थेट मोटरला जोडलेले पंप मी बघितलेच नाहीत. त्यांचा आवाज असा की आमच्या गल्लीतले निवृत्त आजोबा दुसऱ्याच दिवशी हातात केक घेऊन तक्रार करायला आले असते. इथली रीत तीच आहे.

पाच एचपी म्हटलं की २४० व्होल्टची वेगळी लाइन आली. वेगळा ब्रेकर, जाड वायर, नगरपालिकेची परवानगी, तपासायला येणारा माणूस. हा खर्च कॉम्प्रेसरच्या किमतीत आधीच धरावा, नाहीतर नवरा बजेटची वही घेऊन समोर बसतो. आणि इथल्या घरात थ्री फेज येत नाही! आपल्याकडे पिठाच्या गिरणीला, शेतावरच्या मोटरला थ्री फेज असते, त्यात काही विशेष वाटत नाही. डेट्रॉईटच्या आसपास कारखाने बंद पडले की लिलावात उत्तमोत्तम औद्योगिक कॉम्प्रेसर कवडीमोलाने निघतात, पण सगळे थ्री फेज. घरी आणायचे तर फेज कन्व्हर्टर किंवा मोटर बदलणं आलं. हौस असेल तर जरूर करा. मला गंज काढायचा होता, कॉम्प्रेसरची सेवा करायची नव्हती.

शेवटी एका निवृत्त टूल अँड डाय मेकरकडे, म्हणजे कारखान्यासाठी साचे-डाय बनवणाऱ्या कारागिराकडे, जुना मिळाला. साठ गॅलन, पाच एचपी, सिंगल फेज. टाकीवरची एएसएमईची, म्हणजे दाबाच्या टाक्यांचे निकष ठरवणाऱ्या अमेरिकन संस्थेची, पाटी शाबूत होती. त्याने आधी खालचा ड्रेन उघडून दाखवला. पाणी आलं, पण तांबूस गाळ आला नाही. हे महत्त्वाचं, कारण टाकी आतून गंजते, आणि गंजलेली टाकी घरात ठेवणं म्हणजे मरणाला पाहुणचार. मग मी टाकीतली हवा ९० पीएसआयपर्यंत सोडायला सांगितली, मोटर सुरू केली आणि फोनवर स्टॉपवॉच लावलं. काटा १२५ वर पोचायला सव्वा मिनिट लागलं. मघाचे १९ घनफूट, भागिले सव्वा: पंधराच्या थोडं वर. म्हाताऱ्याने भुवया उंचावल्या. माझी आकडेमोड बघून म्हणाला, पाटीवर सोळा लिहिलंय. जुन्या पंपाला इतकं चालतं. घासाघीस केली, तीही आपल्या पद्धतीने, हातात रोख धरून. दीडशे किलोच्या आसपासचं ते धूड उतरवायला आमच्या महाराष्ट्र मंडळाची गणपतीत मखर उभारणारी फौज आली आणि पोहे खाऊन गेली.

पाण्याबद्दल मात्र सविस्तर सांगायला हवं, कारण ते कुठल्याच डब्यावर छापलेलं नसतं. जुलैतल्या दमट दिवशी पंधरा सीएफएमचा पंप तासभर चालला तर दाबलेल्या हवेतून जवळजवळ अर्धा लिटर पाणी गळतं. ते गनपर्यंत पोचलं की कणांचा लगदा होतो आणि नळी तुंबते. कॉम्प्रेसरच्या तोंडाशी फिल्टर लावून उपयोग नाही. तिथे हवा गरम असते, पाणी वाफेच्या रूपात फिल्टरमधून बिनधास्त निघून जातं. आधी हवा थंड व्हायला हवी. मी भिंतीवरून सात-आठ मीटर तांब्याचा पाइप खाली-वर फिरवला, प्रत्येक खालच्या टोकाला ड्रेन ठेवला आणि त्यानंतर फिल्टर लावला. पीव्हीसी पाइप स्वस्त म्हणून कधीही वापरू नका. दाबलेल्या हवेखाली तो फुटतो तेव्हा तुकडे सुऱ्यांसारखे उडतात.

आणि वाळू तर नकोच. सिलिकाची धूळ फुप्फुसात बसते ती कायमची. फाउंड्रीच्या गावातल्या माणसाला सिलिकोसिस समजावून सांगावा लागत नाही. कामगारांच्या आरोग्यावर संशोधन करणाऱ्या अमेरिकेच्या एनआयओएसएच या संस्थेने ब्लास्टिंगसाठी सिलिका वाळूवर बंदी घालावी, अशी शिफारस १९७४ मध्येच केली होती. जीन्स फिकट करताना कामगार मरू लागले तेव्हा तुर्कस्तानने २००९ मध्ये कपड्यांचं सँडब्लास्टिंग बंद केलं. मी पेटीत अ‍ॅल्युमिनियम ऑक्साइड वापरते, नाजूक अ‍ॅल्युमिनियमच्या पार्टना काचेचे मणी. पेटी बंद असली तरी मास्क असतोच, आणि धूळ ओढणारा व्हॅक्यूमही.

तिकडे कोणी असं घरी करायचं मनात आणत असेल तर तुमचं काम माझ्यापेक्षा सोपं आहे. थ्री फेज मिळते, आणि कॉम्प्रेसरवाले तर दाराशी. हडपसरला किर्लोस्कर न्यूमॅटिक १९५८ पासून आहे, पुण्याच्याच परिसरात अ‍ॅटलास कॉप्को, दक्षिणेत कोइम्बतूरची एल्जी. फक्त विक्रेत्याने सीएफएम सांगितला की विचारा, पिस्टन डिस्प्लेसमेंट सांगताय की एफएडी? डिस्प्लेसमेंट म्हणजे पिस्टन कागदावर किती हवा ढकलतो. एफएडी, म्हणजे फ्री एअर डिलिव्हरी, म्हणजे प्रत्यक्ष बाहेर किती येते. दुसरा आकडा नेहमीच कमी असतो, आणि तुमची गन चालते ती दुसऱ्यावर.

जीपचे ब्रॅकेट, स्प्रिंगच्या शॅकल, ब्रेक ड्रमच्या मागच्या प्लेटा हे सगळं आता पेटीतून निघतंय. फ्रेम मात्र पेटीत मावत नाही. उघड्यावर प्रेशर पॉट, म्हणजे कण दाबाने ढकलणारी टाकी, घेऊन ती करायची तर दीड-दोन सुताचं नोझल हवं, म्हणजे ४० ते ७० सीएफएम, आणि तेवढा कॉम्प्रेसर घरात येत नाही, आणूही नये. ब्लास्टिंगवाल्याकडे ट्रकमागे ओढायचा डिझेलवरचा १८५ सीएफएमचा कॉम्प्रेसर आहे. फ्रेम त्याच्याकडे जाईल, किमान बिल तिथे वसूल होईल. तारीख मेमधली घेतली आहे, हवा दमट व्हायच्या आत, कारण उघडं पडलेलं लोखंड इथल्या जुलैत रात्रीतून तांबूस होतं. प्राइमर त्याच दिवशी, त्याच्याच शेडमध्ये मारायचा, असं बोलून ठेवलंय.