दिवाळखोरीचा विचार सोडा, आधी नोटिशीवरची तारीख बघा

घराचे हप्ते थकले की माणूस रात्री मोबाईलवर उपाय शोधत बसतो आणि समोर अमेरिकेतला सल्ला येतो: दिवाळखोरी जाहीर करा, लिलाव थांबेल. तिकडे ते खरं आहे. तिथल्या दिवाळखोरी कायद्याच्या चॅप्टर 13 खाली अर्ज दाखल होताच वसुलीला स्थगिती मिळते, मागची थकबाकी 3 ते 5 वर्षांत फेडायची आणि चालू हप्ता वेगळा भरत राहायचा. चॅप्टर 7 ने, म्हणजे मालमत्ता विकून देणी फेडण्याच्या वाटेने मात्र, तिकडेही बहुधा थोडा वेळच मिळतो. हे वाचून कुणी पुण्याच्या शिवाजीनगर कोर्टात नादारीचा (दिवाळखोरीचा) अर्ज टाकायला निघालं असेल, तर कळकळीने सांगतो, थांबा.

हा सल्ला 'फोरक्लोजर' थांबवण्याचा असतो आणि घोटाळा त्या शब्दापासूनच सुरू होतो. आपल्या बँकेत फोरक्लोजर म्हणजे कर्ज मुदतीआधी फेडून खातं बंद करणं. अमेरिकेत त्याच शब्दाचा अर्थ घरावर जप्ती.

आपल्याकडे 2016 चा दिवाळखोरी कायदा आहे, पण त्यातला व्यक्तींसाठीचा भाग 1 डिसेंबर 2019 पासून फक्त कंपन्यांच्या कर्जाला जामीन राहिलेल्यांना लागू झालाय. गृहकर्ज घेतलेल्या नोकरदाराला तो मिळत नाही. पुण्यात उरतो 1920 चा प्रांतिक नादारी कायदा. त्याच्या कलम 28(6) नुसार तारण असलेला धनको आपलं तारण विकून पैसे वसूल करायला मोकळाच राहतो. म्हणजे तुम्ही नादार ठरलात, बाकीची मालमत्ता रिसीव्हरकडे गेली, तरी फ्लॅटवरचा बँकेचा हक्क तसाच.

घर वाचतं ते तारखा सांभाळून. हप्ता 90 दिवसांहून जास्त थकला की खातं एनपीए, म्हणजे बुडीत धरलं जाणारं, होतं, आणि त्याआधीचे ते तीन महिने सगळ्यात मोलाचे. या काळात एक जुना हप्ता भरला तरी थकबाकीचं वय महिन्याने कमी होतं. भरताना शाखेला लेखी कळवा की रक्कम आधी हप्त्यात जमा करा, नाहीतर ती बाउन्स चार्जेसमध्ये जिरते. एकदा एनपीए झालं की एखाद-दुसऱ्या हप्त्याने काही होत नाही. व्याज-मुद्दलाची सगळी थकबाकी भरल्याशिवाय खातं परत नियमित होत नाही.

हप्ता कमी करून मागायचा तोही याच काळात, खरं तर पहिला हप्ता चुकायच्या आधी. नोकरी गेल्याचं पत्र, सहा महिन्यांचं बँक स्टेटमेंट, घरातल्या दुसऱ्या कमावत्या माणसाचा पगाराचा पुरावा जोडा आणि नक्की किती रुपये भरू शकता तो आकडा लिहा. नुसता 'सहकार्य करावे' असा अर्ज टेबलावर पडून राहतो. मुदत वाढवल्याने काय होतं तेही बघा. 40 लाख रुपये, साडेआठ टक्के, 20 वर्षं: हप्ता सुमारे 34,700. तेच 30 वर्षांना केलं तर सुमारे 30,750. महिन्याला जेमतेम चार हजार वाचतात आणि एकूण व्याज 43 लाखांवरून 70 लाखांपुढे जातं. घर टिकवायला हे करावं लागलं तर जरूर करा, पण पगार सुरू झाला की हप्ता पुन्हा वाढवून घ्या.

एनपीएनंतर सरफेसी कायद्याच्या (बँकेला कोर्टात न जाता तारण विकू देणारा कायदा) कलम 13(2) ची नोटीस येते: 60 दिवसांत सगळं देणं भरा. ही नोटीस घ्यायची टाळणं ही सगळ्यात महाग पडणारी चूक. पाकीट परत पाठवलं म्हणून दिवस मोजायचे थांबत नाहीत. उलट कलम 13(3ए) प्रमाणे लेखी हरकत द्या: रक्कम चुकली असेल तर कुठे, दंड कसा लावलाय, तुमचा परतफेडीचा प्रस्ताव काय. बँकेला 15 दिवसांत उत्तर द्यावंच लागतं. ते उत्तर पटलं नाही म्हणून लगेच डीआरटीत (कर्जवसुली न्यायाधिकरणात) जाता येत नाही, पण पुढे तेच कागद कामाला येतात. मुद्दल-व्याजाच्या 20 टक्क्यांहून कमी देणं उरलं असेल तर हा कायदा लागूच होत नाही, हा मुद्दाही इथेच मांडायचा.

60 दिवस संपले की दारावर ताबा नोटीस चिकटते आणि दोन वर्तमानपत्रांत छापून येते. सोसायटीत चर्चा होते, माणूस खचतो, आणि नेमके त्याच वेळी 45 दिवस सुरू झालेले असतात. याच कायद्याच्या कलम 17 खालचा, बँकेच्या कारवाईविरुद्धचा अर्ज पुण्याच्या डीआरटीत या मुदतीत करायचा. दिवाणी कोर्टात दावा टाकून वेळ घालवू नका, कलम 34 ने तो रस्ता बंद केलाय. प्रत्यक्ष ताब्यासाठी बँक जिल्हाधिकाऱ्यांकडे अर्ज करते. तो आदेश झाला की हातात दिवस थोडेच राहतात.

सगळं देणं खर्चासह भरून घर सोडवायचा हक्क आता लिलावाची जाहिरात प्रसिद्ध होईपर्यंतच आहे. 2016 च्या दुरुस्तीआधी तो जास्त काळ टिकायचा, म्हणून जुन्या माहितीवर विसंबलेले लोक लिलावाच्या आदल्या दिवशी पैसे घेऊन जातात आणि रिकाम्या हाताने परत येतात.

घर ठेवणं शक्यच नसेल तर स्वतः विका. नोटिशीनंतर बँकेची लेखी संमती लागते. खातं बंद करायला किती भरायचे ते सांगणारं फोरक्लोजर लेटर घ्या, गिऱ्हाईकाच्या बँकेचा डीडी थेट तुमच्या कर्जखात्यात जाऊ द्या, उरलेली रक्कम तुमची. ताबा देणारा मालक समोर असला की भाव लिलावापेक्षा बरा मिळतो. तडजोडीत कमी रक्कम भरून सुटलात तर क्रेडिट रिपोर्टवर 'सेटल्ड' असा शेरा राहतो, हेही धरून चाला.

पतसंस्थेचं कर्ज असेल तर वाट वेगळी. तिथे सरफेसी नसतो, सहकार कायद्याच्या कलम 101 चा वसुली दाखला असतो. त्याची सुनावणी निबंधकांपुढे होते. तिथे हजर राहून कर्जखात्याच्या उताऱ्यातली चूक दाखवायची, कारण दाखला निघाल्यावर फेरतपासणीला जायचं तर आधी निम्मी रक्कम भरावी लागते.