सातव्या महिन्यातली कालवड

25 सप्टेंबर 2022. सर्वपित्री अमावास्या, त्यात रविवार. सकाळी साडेसहालाच ग्रामसेवकाचा फोन आला, "डॉक्टरसाहेब, मावशींची कालवड गेली." कोणती, ते विचारावं लागलं नाही. आठ दिवस मी तिला रोज सलाईन लावत होतो.

ऑगस्टमध्ये रावेर तालुक्यातल्या चिनावलला लम्पीची, म्हणजे गुरांच्या अंगावर गाठी आणणाऱ्या साथरोगाची, जनावरं सापडली, तेव्हापासून आम्हाला सुट्टी अशी नव्हतीच. हिला लस टोचली होती, पण उशीर झाला होता. लस अंगात मुरायला तीनेक आठवडे लागतात. हिच्या अंगावर पाचव्या दिवशीच गाठी उठल्या.

गोठ्यात कडुनिंबाच्या पाल्याचा धूर अजून रेंगाळत होता. पुढचे पाय सुजून खांब झालेले, मानेवरच्या फुटलेल्या गाठींवर मावशींनी रात्री लावलेली हळद तशीच. कानातल्या पिवळ्या बिल्ल्यावर चिखल बसला होता. तो अंगठ्यानं पुसून मी बारा आकडे मोठ्यानं वाचले, ग्रामसेवकानं लिहून घेतले. गावाबाहेर जेसीबी खड्डा खणून थांबला होता, शेजारी चुन्याची पोती.

सरकारी मदतीचे दर ठरलेले होते: दुधाळ गाय 30,000, बैल 25,000, वासरू 16,000. मग ही कशात बसवायची? अडीच वर्षांची, पण अजून व्यायलेली नाही. वरून फोनवर उत्तर मिळालं, "वासरू लिहा आणि पुढचं गाव गाठा." त्यांच्याही टेबलावर त्या दिवशी ढीग असणार. तरी मला ते पटेना. मार्चमध्ये तिला कृत्रिम रेतन मीच केलं होतं आणि जूनमध्ये तपासून गाभण असल्याचंही मीच सांगितलं होतं. सातवा महिना चालू होता. अडीच वर्षं नुसतं खाऊ घालायचं, दुधाचा थेंब नाही, आणि आता कुठे डेअरीत किटली जाणार तोवर जनावर हातचं जातं. त्याला वासरू कसं म्हणायचं? मावशी उंबऱ्यावर बसून एवढंच म्हणाल्या, "डिसेंबरात व्याली असती हो."

पंचनाम्यात मी 'गाभण कालवड, सातवा महिना' असं लिहिलं, पंचांच्या सह्या घेतल्या. त्या दिवशी आणखी तीन पंचनामे झाले. घरी पोचलो तेव्हा नैवेद्याचं ताट झाकून ठेवलेलं होतं. जेवण गेलं नाही.

डिसेंबरात मावशी पासबुक घेऊन दवाखान्यात आल्या. 16,000 जमा झाले होते. तक्रार नव्हती त्यांची, पैसे आले हे सांगायलाच एवढ्या लांब आल्या होत्या. मी त्यांना बसवलं, रेतनाची नोंदवही काढली, मार्चचं पान उघडलं. बिल्ल्याचा तोच नंबर, खाली माझी सही. त्या पानाची झेरॉक्स जोडून फेरविचाराचा अर्ज तिथेच लिहिला आणि मावशींचा अंगठा घेतला.