नव्वद अक्षरांचा फरक

झेनोपस लीव्हिस या आफ्रिकी बेडकाच्या भ्रूणात पहिल्या 12 पेशीविभाजनांपर्यंत बहुतेक जनुके मूक असतात आणि मादीने अंड्यात साठवलेल्या आरएनएवरच (जनुकांच्या नकलांवरच) सारा कारभार चालतो. त्यानंतर भ्रूणाची स्वतःची जनुके जागी होतात. साधारण एका दिवसात चेतानलिका, म्हणजे मेंदू व मज्जारज्जूची पूर्वरचना, मिटते, आणि लवकरच स्पर्श होताच स्नायू आकुंचन पावू लागतात, म्हणजेच चेतासंधी, चेतापेशी जिथे पुढच्या पेशीला संदेश देते ते सांधे, कामाला लागलेल्या असतात.

या घडणीत मला सर्वाधिक विलक्षण वाटते ते न्यूरेक्सिन. चेतासंधीत संदेश धाडणाऱ्या पेशीच्या पटलावरील या प्रथिनाची, जनुकाच्या आरएनए नकलेतले कोणते तुकडे (एक्सॉन) ठेवले आणि कोणते गाळले यानुसार, पृष्ठवंशीय प्राण्यांत असंख्य रूपे बनू शकतात. या काटछाटीला स्प्लाइसिंग म्हणतात. तिच्या चौथ्या स्थानी 30 अमिनो आम्लांचा तुकडा राहिला तर न्यूरेक्सिन चेतासंधीतील सेरेबेलिन या प्रथिनाशी जोडले जाते. तो गाळला, तर समोरच्या पेशीवरील न्यूरोलिजिन या प्रथिनाशी त्याची पकड घट्ट होते. एका अमिनो आम्लासाठी तीन, म्हणजे 30 साठी 90 जनुकीय अक्षरे; रेणू लांबीनुसार वेगळे करणाऱ्या जेलवर 90 अक्षरांनी लांब असलेला पट्टा किंचित मागे राहतो, एवढीच काय ती त्या तुकड्याची खूण.

म्हणूनच जनुक चालू की बंद, एवढेच सांगणारे आलेख मला अपुरे वाटतात. शिवाय या बेडकात अनेक जनुकांच्या दोन प्रती असल्याने, प्रत्येक प्रतीचे स्प्लाइसिंग वेगळे तपासायलाच हवे.